मिथुनच्या उल्का : दोनदा फसलो, तिसऱ्यांदा जमलं

पहिल्यांदा गच्चीवर सतरंजी टाकली ती ऑगस्टमध्ये. ययाती या तारकासमूहाच्या उल्का 12-13 ऑगस्टला ऐन भरात असतात. पण तेव्हा पुण्यात पावसाळाही भरात असतो, हे माझ्या लक्षातच आलं नाही. रात्रभर ढगांवर पडलेला शहराचा पिवळा उजेड पाहिला.

मग डिसेंबर 2022. यावेळी मिथुन राशीच्या उल्का. तारीख बरोबर साधली, 13. सिंहगडाच्या पायथ्याशी गेलो. दहाच्या सुमारास डोंगरामागून चंद्र वर आला आणि आकाश धुऊन गेलं. संकष्टी होऊन दोनच दिवस झालेले! चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडणाऱ्या घरात वाढलो, तरी त्या दिवशी कालनिर्णय उघडायचं सुचलं नाही.

2023 ला आधी तिथी पाहिली, मग रजा टाकली. अमावास्या नुकतीच झालेली, 14 डिसेंबरची चंद्रकोर संध्याकाळीच मावळणार होती. उल्कांचा जोर त्या मध्यरात्रीनंतर होता, म्हणजे जागायचं 14 च्या रात्री, 15 ची पहाट उजाडेपर्यंत. यात फार जण एक रात्र चुकतात. नेमका मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईने पूजा आटोपून नैवेद्याच्या पुरणपोळ्याच डब्यात भरून दिल्या.

नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे. दिवसाउजेडीच एका शेतकऱ्याला विचारून कापणी झालेलं भातखाचर ठरवलं होतं. भाच्याने विचारलं, "मामा, दुर्बीण?" मी म्हटलं, "नको रे. दुर्बिणीतून आभाळाचा नखाएवढा तुकडा दिसतो, उल्का कुठूनही येते." सामान एवढंच : प्लॅस्टिकचा कागद (दव फार पडतं), गोधड्या, कानटोप्या, चहा आणि लाल जिलेटीन गुंडाळलेली बॅटरी. मोबाइल गाडीतच ठेवले. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. एकदा स्क्रीन पाहिली की पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवातीला मन खट्टू झालं. मिथुन रास ईशान्येला उगवते आणि वेल्ह्याहून पुण्याचा उजेडही त्याच बाजूला. मृगाच्या मागोमाग मिथुनमधली पुनर्वसूची ताऱ्यांची जोडी वर चढत गेली तशी उल्कांची संख्या वाढली. त्या जोडीतल्या कॅस्टर या ताऱ्याजवळून उल्का फुटल्यासारख्या दिसतात, पण तिकडेच टक लावायची नसते. तिथल्या आखूड असतात. आम्ही मृग आणि व्याधाच्या बाजूला पाहत पडलो आणि लांबच लांब रेघा मिळाल्या. मिथुनच्या उल्का सेकंदाला साधारण 35 किलोमीटर वेगाने येतात. ययातीच्या जवळजवळ 60 ने. म्हणून या निवांत वाटतात, "ती बघ" म्हणेपर्यंत दिसत राहतात. आणि गंमत म्हणजे या उल्का ज्या कचऱ्यातून येतात तो नेहमीसारखा धूमकेतूचा नाही, 1983 मध्ये सापडलेल्या फेथॉन या लघुग्रहाचा आहे.

बाराच्या सुमारास बांधावरून आवाज आला, "गाडी बंद पडली का, पाव्हणं?" तारे तुटताना बघायला आलोय म्हटल्यावर म्हातारबाबा हसले. "आमी खळ्यावर निजायचो तवा रोजच दिसायचं की." पण बसले मात्र अर्धा तास, चहा घेऊन.

एक ते दोन या तासात आम्ही 54 मोजल्या. कागदांवर ZHR (आदर्श परिस्थितीत तासाला दिसू शकणाऱ्या उल्का) 120 ते 150 असे आकडे छापून येतात, ते अगदी काळ्या आभाळाचे आणि उगमस्थान थेट डोक्यावर असतानाचे. तेवढ्या दिसल्या नाहीत म्हणून रुसू नये. पुरणपोळ्या मात्र दोनपूर्वीच संपल्या.

2024 ला भाचा पुन्हा मागे लागला. कालनिर्णय उघडलं : 14 डिसेंबर, दत्तजयंती. म्हणजे पौर्णिमेचा चंद्र. सुंठवडा खाऊन घरीच झोपलो.