पोहता येतं ना?

शिडाची बोट घेऊन मी एकटाच मुंबईहून मांडव्याला, कधी पुढे खांदेरीपर्यंत जातो हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला: "पोहता येतं ना?" दुसरा: "लाइफ जॅकेट घालतोस ना?" मावशी दोन्ही एका दमात विचारते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

येतं. घालतो. पण एकट्या माणसाला या दोन्हींचा उपयोग फार उशिरा होतो.

हिशेबच बघा. दुपारचा खारा वारा नीट सुटला की माझी छोटी बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी सव्वानऊ किलोमीटरने पळते. ५० मीटर फ्रीस्टाइलचा जागतिक विक्रम २१ सेकंदांच्या आसपास आहे. तेवढ्या वेळात बोट ५४ मीटर गेलेली असते. म्हणजे जगातला सगळ्यात वेगवान पोहणाराही, ठोकळ्यावरून सूर मारून, मागेच राहणार. मी तर अंगावरच्या कपड्यांनिशी पडणार. त्यात सुकाणू ऑटोपायलटकडे असेल तर मालक पडल्याचा बोटीला पत्ताच नाही. ती निघाली आपली अलिबागकडे.

म्हणून माझा सगळा जीव एका पट्ट्यावर आहे. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत, डेकच्या बरोबर मधून, एक चपटा पट्टा ताणून बांधलेला असतो. चपटाच हवा, गोल दोर पायाखाली फिरतो आणि तोच माणसाला पाडतो. त्यात हार्नेसचा, म्हणजे छातीवर बांधलेल्या पट्ट्यांचा, हूक अडकवायचा. हार्नेसचा दोर मात्र आखूड, १ मीटरचा. बाजारात २ मीटरचे सर्रास मिळतात, पण माझ्या बोटीवर तेवढ्या लांबीत मी कठड्यापलीकडे जाऊन पाण्यात फरफटत जाईन, आणि ५ नॉटने ओढला जाणारा माणूस बांधलेला असूनही बुडू शकतो. शिवाय आपल्याकडचं ऊन पट्टा खातं. शिवण पांढरी पडू लागली की मी तो बदलतो, दिसायला कितीही धडधाकट असो.

"अनुभवी माणसाला कशाला हे सगळं?" असंही विचारतात. फ्रान्सचा एरिक ताबार्ली एकट्याने अटलांटिक पार करायची शर्यत दोनदा, १९६४ आणि १९७६ मध्ये जिंकला होता. जून १९९८ मध्ये आयरिश समुद्रात रात्री शीड बदलताना तो पाण्यात फेकला गेला. हार्नेस नव्हता. बोटीवर सोबतीला माणसं होती, तरी तो त्यांना सापडला नाही.

बरं, माणूस वादळातच पडतो असं नाही. लघवीला कठड्याशी उभं राहणं हे मोठं निमित्त. मी बादली वापरतो, हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. वारा मागून असताना बूम, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी, अचानक दुसऱ्या बाजूला फिरते, तेव्हा ती डोक्यालाच लागते. म्हणून ती दोराने पुढे बांधून ठेवतो. आणि शीड कमी करायचा विचार मनात आला की लगेच करतो, कारण उशीर केला की तेच काम हलत्या डेकवर करावं लागतं.

एवढं करूनही पडलोच तर? वॉटरप्रूफ व्हीएचएफ रेडिओ जॅकेटलाच बांधलेला असतो, चॅनल १६ वर, म्हणजे समुद्रात मदत मागायच्या चॅनलवर. मागची शिडी पाण्यातूनच ओढून खाली घेता येईल अशी दोरी लावली आहे. नांगर टाकून, जॅकेट फुगवून एकदा चढून बघा. फुगलेलं जॅकेट छाती आणि शिडीच्या मध्ये येतं, वर घेणारं कुणी नसतं. सगळ्यात खालची पायरी पाण्यात हातभर तरी बुडलेली नसेल तर पाय टेकवायलाच जागा मिळत नाही. माझ्या शिडीला म्हणून खाली पट्ट्याचा आणखी एक फास जोडला आहे.