दुखवट्याचा ठराव

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. परवाच्या सर्वसाधारण सभेसाठी दुखवट्याचा ठराव लिहायला बसलोय आणि तीन कागद फाडून झालेत. "ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते" इथपर्यंत हात आपोआप चालतो. आमच्या व्यापारी संघटनेचा चिटणीस म्हणून इतकी वर्षं हेच वाक्य लिहीत आलो. पण या खेपेला त्यापुढे आमच्या जुन्या अध्यक्षांचं, दादांचं नाव घालायचं आहे, आणि तिथे पेन थांबतं.

माझी त्यांची पहिली भेट आठवते. नवा सभासद होतो, धंदा लहान, मागच्या रांगेत दाराजवळची खुर्ची धरून बसलेलो. विषयपत्रिकेवर मालाच्या दर्जाचे नियम होते. दादांनी विषय मांडला आणि पुढच्या रांगेतल्या मोठ्या मंडळींना सोडून थेट मागे बघून म्हणाले, "आज सुरुवात तिकडून. तुम्ही बोला." मी चाचरतच चार वाक्यं बोललो. नंतर लक्षात आलं की ही त्यांची कायमची रीत होती. ते म्हणायचे, एकदा मोठा माणूस बोलला की लहान माणूस फक्त मान डोलावतो, मग सभा कशाला भरवायची? सभेच्या आदल्या रात्री ते चार-पाच फोन करायचे, तेही कधीच तोंड न उघडणाऱ्यांना.

वर्गणीचे टप्पे उलाढालीप्रमाणे होते, पण मत मात्र प्रत्येकाला एकच. जास्त वर्गणी भरणाऱ्याला जास्त मतं द्या, अशी मागणी एकदा जोरात आली. दादा स्वतः वरच्या टप्प्यातले, त्यांचाच फायदा झाला असता. त्यांनी एवढंच विचारलं, "मग खालच्या टप्प्यातल्यांनी वर्गणी कशासाठी भरायची?" त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. नव्या सभासदांना ते फ्रान्समधल्या मार्सेयच्या व्यापाऱ्यांची गोष्ट सांगायचे. 1599 साली त्या बंदरातल्या व्यापाऱ्यांनी आपलं व्यापारमंडळ स्थापन केलं, कारण समुद्री चाचे कुणाचं जहाज मोठं नि कुणाचं लहान हे बघत नव्हते. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल. आज एकविसाव्यांदा ऐकायला काहीही दिलं असतं.

त्यांच्या पेनाचं लिहून ठेवायलाच हवं. जुनं शाईचं पेन, आट्यांच्या टोपणाचं. सभेत कुणी भावाचा विषय काढला, म्हणजे "सगळ्यांनी मिळून अमुक दराच्या खाली विकायचं नाही असं ठरवू या" वगैरे, की दादा बोलायचे काहीच नाहीत. टोपण उचलायचे, सावकाश आटे फिरवत पेन बंद करायचे आणि इतिवृत्ताच्या वहीवर आडवं ठेवायचे. खोली गप्प व्हायची. 1776 साली अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने लिहून ठेवलंय की एकाच धंद्यातली माणसं नुसत्या करमणुकीला जमली तरी बोलणं शेवटी गिऱ्हाइकांविरुद्धच्या कटावर नाहीतर भाव चढवण्याच्या युक्तीवर येतं. दादांना हे तोंडपाठ होतं आणि त्याची त्यांना धास्तीच होती. आज बहुतेक देशांत संघटनेने भाव ठरवणं किंवा गिऱ्हाइकं आपसात वाटून घेणं हा कायद्याने गुन्हा किंवा मोठ्या दंडाची बाब आहे, हे खरं. पण दादांच्या बोलण्यात कायद्याआधी गिऱ्हाईक यायचं. उधारीची मुदत, मालाचा दर्जा, नवा नियम समजून घेणं, निवेदन देणं यासाठी संघटना. भाव ज्याचा त्याने आपल्या दुकानात ठरवावा. एकदा दोघं ऐकेनात, तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "लिहा, विषय थांबवला. वेळही लिहा." आणि दोघांना बाहेर जायला सांगितलं. त्यातला एक त्यांचा बालमित्र होता.

दरवर्षी आम्ही सभासदांकडून थकलेल्या येण्यांचे आकडे मागवायचो. मोठे खरेदीदार पैसे लांबवतात, मग कागदावर नफा आणि गल्ल्यात खडखडाट, अशी लहानांची गत होते. ते सरकारपुढे मांडायला आकडे लागायचे. पाकिटं बंद यायची. पहिल्या वर्षी मी ती दादांच्या हातात द्यायला गेलो तर त्यांनी हात मागे घेतले. खरंच मागे घेतले, विस्तवापासून घ्यावेत तसे. "मीही याच धंद्यात आहे. कुणाचं कुणाकडे किती अडकलंय हे मला दिसता कामा नये." पाकिटं परस्पर बाहेरच्या हिशेबनिसाकडे गेली आणि आमच्याकडे आली फक्त एकूण बेरीज. लोक आपले खरे आकडे देत गेले ते या हात मागे घेण्यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

भांडणं मिटवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा मी अजून पाहिला नाही. माल नाकारला, पैसे अडले, दोन सभासद एकमेकांचं तोंड बघेनात, असं झालं की दादा दोघांना समोरासमोर बसवायचे आणि प्रत्येकाला समोरच्याची बाजू मांडायला लावायचे. समोरचा "हो, हेच माझं म्हणणं" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. कधी कधी यातच संध्याकाळ सरायची. वहीत एकच ओळ यायची: तडजोड झाली. कोण किती चुकला ते दादांबरोबरच गेलं.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. निर्णयाला ते फार वेळ लावायचे. एका सभेत संपणारा विषय तीन सभा चालायचा, कारण कुणीतरी एकजण अजून तयार नसायचा. मी चिडायचो, एकदा तर सर्वांसमोर चढ्या आवाजात बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "काल तुम्ही बोललात ते इतिवृत्तात आलंय ना? गाळू नका." अजूनही मला वाटतं की त्या दिरंगाईने आमचं एक-दोनदा नुकसान झालं. पण त्यांच्या काळात सभासद संघटना सोडून गेले नाहीत, हेही मीच वहीत मोजत आलो.

आता ठरावाला आधार म्हणून ती जुनी वही काढली. त्यांची दुसरी मुदत संपत आली होती, त्या सभेचं पान. नियमाप्रमाणे दोनच मुदती. नियम बदलून त्यांनाच तिसऱ्यांदा ठेवावं असा ठराव आला होता आणि सूचक मीच होतो. अनुमोदनाला हातांची रांग लागली. दादा अध्यक्षांच्या खुर्चीतून उठले, उपाध्यक्षांना तिथे बसवलं आणि खाली येऊन सभासदांमध्ये उभे राहून ठरावाविरुद्ध बोलले. खुर्चीत बसून बाजू घ्यायची नाही म्हणून. ठराव पडला. पुढच्या सभेपासून ते मागच्या रांगेत, दाराजवळ.

इतिवृत्तात मी त्या प्रसंगाचं मोठ्या मायेने लिहिलं होतं, "अध्यक्षांनी नम्रपणे असमर्थता व्यक्त केली." सहीला वही त्यांच्याकडे गेली आणि परत आली तेव्हा तेवढ्या शब्दांवर एक सरळ रेघ होती. वर त्यांच्या बारीक अक्षरात "विरोध केला", बाजूला आद्याक्षरं. शाई आता तपकिरी पडली आहे.

ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसलो. मग चौथा कागद घेतला. "तीव्र" खोडलं, "अपरिमित हानी" खोडली, "अजातशत्रू" हा शब्द तर त्यांनी पहिल्यांदा काढला असता. ठराव चार ओळींचा झालाय. परवा वाचायला मी पुढे उभा राहीन, पण दोन शब्द बोलायचे तर सुरुवात मागच्या रांगेतून करा, असं नव्या अध्यक्षांना सकाळीच फोन करून सांगणार आहे.