पाटी उलटी कर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी कळंगुटला एका हॉटेलच्या गच्चीवर एसीचे आउटडोअर युनिट धूत होतो. खाऱ्या वाऱ्याने त्याची अॅल्युमिनियमची पाती इतकी खाल्ली होती की बोट लावले की भुगा. दहावीत गणितात काठावर सुटलेल्या माणसाने ‘शिकावे कसे’ यावर लिहायचे म्हणजे मागच्या बाकावरचे माझे सोबती हसणार. हसा बापडे.

चौथीला आम्हाला जे सर होते, त्यांना पावकी-निमकीचा, म्हणजे अपूर्णांकांच्या पाढ्यांचा, भारी नाद. अभ्यासक्रमात हे प्रकार नव्हते. पण सरांच्या मते औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, न येणारा माणूस बाजारात फसणारच. आम्ही पाटीवर औटकी उतरवायची, दोनदा वाचायची, आणि लगेच हुकूम सुटायचा: “पाटी उलटी कर. आतां सांग!” सात औट किती? मी कौलांकडे बघायचो. उत्तर तोंडातून आल्याशिवाय पाटी सुलटी करायची नाही, मग ते चुकीचे का असेना. ‘साडेतेवीस’ म्हणून टपली खाल्ली, तेव्हापासून साडेचोवीस डोक्यातून गेलेले नाही. शिवाय चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीआधी संपवलेली दिडकी (दीडचा पाढा) सर दिवाळी उलटून गेल्यावर, भूगोलाच्या तासाला मध्येच विचारायचे. आम्हाला तो निव्वळ छळ वाटायचा. टपलीबद्दल माझे मत अजूनही तेच आहे.

पुढे डिचोलीकडच्या एका खाणीवर वजनकाट्यावर चिकटलो. ट्रक काट्यावर घ्यायचा, वजन लिहायचे, चिठ्ठी फाडायची. त्यात शिकण्यासारखे फारसे नव्हते आणि मीही काही शिकलो नाही. २०१२च्या सप्टेंबरात गोव्यातल्या खाणी बंद झाल्या. तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो, घरी दोन मुले. एसी दुरुस्तीच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातले. बाकीची पोरे विशीतली, मला ‘काका’ म्हणायची.

पहिला महिना वाया गेला. रोज रात्री वही तीनदा वाचायचो, पिवळ्या पेनाने ओळी रंगवायचो, मोबाईलवर व्हिडिओ बघायचो. सगळे ओळखीचे वाटायचे. पण फळ्यापाशी उभे करून कॉम्प्रेसरमधून निघालेला गॅस पुढे कुठे जातो ते दाखवायला सांगितले, की खडू हातातच. तांब्याच्या पाइपाचे तोंड फुलवण्याचे, म्हणजे फ्लेअरिंगचेही तेच. व्हिडिओत वीस वेळा पाहिले होते. पहिल्यांदा स्वतः केले, फुलासारखे सुबक जमले, आणि जोडायला गेलो तर नट टेबलावर पडलेला. तो तोंड फुलवायच्या आधी पाइपात ओवायचा असतो. नंतर तो चढतच नाही. केलेले सगळे कापून टाकावे लागले.

त्या रात्री जेवताना सरांची पाटी आठवली. वही पालथी घातली आणि कोऱ्या कागदावर कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॅपिलरी, इव्हॅपोरेटर असे चक्र काढले. कुठे गॅस गरम, कुठे त्याचा द्रव झालेला, कुठे दाब उतरला, हे बाण काढून लिहायचे. अडलो की तेवढेच बघायचे आणि वही परत पालथी. तेच चित्र दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. पहिले दोन कागद बघून बायको म्हणाली, “हें कितें, रांगोळी?”

बिघाड ओळखायला मात्र पाटी पुरत नव्हती. वर्गात एक दिवस फक्त गॅस गळती, दुसऱ्या दिवशी फक्त कॅपॅसिटर, असे चाले. त्यामुळे उत्तर काय येणार ते आधीच ठाऊक. गिऱ्हाईक असे सांगत नाही. ते म्हणते, “गार होत नाही.” आतल्या कॉइलवर बर्फ धरलाय, तो गॅस कमी झाल्यानेही धरतो आणि फिल्टर धुळीने चोंदल्यानेही. मग मी आणि एका पोराने तक्रारींच्या चिठ्ठ्या करून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. येईल ती उचलायची आणि आधी काय तपासणार ते सांगायचे. चुका वाढल्या, वैताग आला, पण महिन्याभरात नजर बसली.

मुलगी आता बीएड करते. तिच्याकडून कळले की स्मरणावर स्वतःवरच प्रयोग करून एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ साली पुस्तक लिहिले होते, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे त्यालाही दिसले होते. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवणाऱ्यांना ५६ टक्के येत होते, वाचणाऱ्यांना ४२. मी तिला औटकीची गोष्ट सांगितली. तिने ती वहीत लिहून घेतली आणि मी वही पालथी घालायला लावली.

चवथीच्या आरतीला घुमट वाजवायलाही असाच शिकलो. हात अडायचा ते दोनच बोल शेजारचे आजोबा अर्धा तास संथपणे घोटून घ्यायचे, अख्खी आरती वाजवू द्यायचे नाहीत. पण घुमटावर लिहायला बसलो तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत.

हल्ली माझ्या हाताखाली दोन पोरे आहेत. परवा त्यातल्या धाकट्याला म्हटले, “मोबायल धांप आनी फ्लेअरिंग कशें करतात तें सांग.” कापायचे, कड घासून घ्यायची, नट ओवायचा, तोंड फुलवायचे, सगळे बरोबर सांगितले. मग पाइप हातात घेतला, छान फुलवला. नट टेबलावर होता. मी चहाला गेलो.