अनसेट केला तरी पासवर्ड तिथंच

लिनक्समधे एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या नोंदी, म्हटलं की लोकांना वाटते कर्नल (सिस्टिमचा गाभा) कुठंतरी त्यांची यादी सांभाळून बसलाय. तसं काही नाही. कर्नलचं काम फक्त प्रोग्राम सुरू होताना, एक्झेकव्हीई (प्रोग्राम सुरू करायचा) कॉल झाला की तो "नाव=किंमत" असे सगळे स्ट्रिंग (मजकुराचे तुकडे) नव्या प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रामच्या, स्टॅक नावाच्या मेमरीच्या वरच्या टोकाला कॉपी करते, त्यांच्या खाली पॉइंटरची, म्हणजे त्यांच्या पत्त्यांची, रांग, शेवटी नल (रिकामा पत्ता), झालं. पुढं तुम्ही अन तुमची मेमरी. व्हेरिएबल वाचायचं फंक्शन गेटएन्व्ह म्हणजे तरी काय, लायब्ररी त्या रांगेत पहिल्यापासून एकेक स्ट्रिंग तपासत जाते, बस.

हे आठवायचं कारण आमचा भाचा. त्यानं एका जिनिंगच्या काट्यावर पायथनची स्क्रिप्ट लावली, कापसाची गाडी तोलली की शेतकऱ्याले वजनाचा एसएमएस जाते, काम चांगलं केलं पोरानं. एसएमएसचा पासवर्ड एन्व्हायरनमेंटमधे ठेवला, अन स्क्रिप्ट सुरू झाली की वाचून लगेच डिलीट. म्हणे मामा, आता कोणाले दिसते? मी म्हटलं हाव, प्रॉक फोल्डरमधे जाऊन स्क्रिप्टच्या पीआयडीची (प्रोसेसचा नंबर) एन्व्हायरन फाईल उघडून पाय. निघाला ना तिथं अख्खा पासवर्ड! (सगळं चिकटून दिसते कारण मधे न्यूलाईन नाही, शून्य बाइट असते, टीआर कमांडनं बदलून घ्यायचं.)

काहून, तर डिलीट केलं की आतून चालते ते अनसेटएन्व्ह, अन ते फक्त रांगेतला पॉइंटर काढते अन मागचे पुढं सरकवते, स्ट्रिंग स्टॅकवर होती तशीच राहते. आणि ती फाईल स्टॅकवरचा तोच मूळ तुकडा दाखवते. शेत विकून गेलं तरी सातबाऱ्यावर जुनंच नाव, तसं. उलटंही होते, सेटएन्व्हनं नवीन टाकलं तर ते हीपवर (मेमरीच्या दुसऱ्या भागात) जाते, मग प्रोग्रामला दिसते पण त्या फाईलमधे नाही, अन माणूस तासभर डोकं खाजवत बसते.

डिलीट करणं अगदीच फुकट नाही म्हणा, त्यानंतर स्क्रिप्टनं जे प्रोग्राम सुरू केले त्यांना पासवर्ड जात नाही. पण ती एन्व्हायरन फाईल रूटला (सिस्टिमच्या मुख्य युजरला) अन त्याच युजरच्या बाकी प्रोसेसला वाचता येते, अन जिनिंगच्या कॉम्प्युटरवर मुनीमजीपासून हमालाच्या पोरापर्यंत सगळे एकाच लॉगिननं बसतात, तर लपवलं कोणापासून?

मग स्क्रिप्टसाठी वेगळा युजर करायचा, पासवर्ड ६०० परमिशनच्या (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणाऱ्या) फाईलमधे ठेवायचा, स्क्रिप्ट तिथून वाचेल. कीबोर्डवरून विचारायचा पर्याय आहे पण आपल्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही, अन रात्री मशीन पुन्हा सुरू झाली की टाइप करायले कोण बसून राहिलं तिथं.