उधारीची वही

लालबागला आमच्या चाळीखाली मी पोळी-भाजीचं टेबल लावते. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे मी तवा उतरवायला वळले आणि टेबलावरची पिशवी गेली. आत भिशीचे ८,४०० रुपये होते आणि उधारीची वही. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण वहीबरोबर ३९ गिऱ्हाइकांचा हिशेब गेला. कोणाचे किती, हे फक्त त्या वहीलाच माहीत होतं.

समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात मुलगा दिसला. वय १६. त्याचं नाव, गल्ली काही सांगणार नाही. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे, आणि आता मलाही ते सांगावंसं वाटत नाही. तेव्हा मात्र अख्ख्या चाळीला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पोलीस ठाण्यात एवढंच ऐकलं, ''बाई, मुलगा लहान आहे, एफआयआर होणार नाही.'' का होणार नाही, ते कोणी सांगितलं नाही. तो संध्याकाळी घरी गेला आणि मी पहाटे कडी काढताना थरथरत होते.

वरच्या मजल्यावरच्या मुलीने १५१०० हा विधी सेवेचा नंबर लावून दिला. तिथून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मिळाला. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, सगळं घेऊन गेले. तिथल्या स्वयंसेविका म्हणाल्या, ''ताई, दाखला ठेवून द्या. बाईला विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.'' हे मला पन्नाशीत कळलं. आमच्या टेबलावर रोज जेवायला येणाऱ्या घरकामाच्या बायकांना तर अजूनही माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

वकीलबाईंनी पोलिसांनी न सांगितलेली गोष्ट समजावली. ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा घोर गुन्हा असेल, किंवा मोठ्या माणसांबरोबर मिळून केलेला असेल, तरच अल्पवयीन मुलावर एफआयआर होतो. एरवी ठाण्याच्या डायरीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. म्हणजे माझी तक्रार कोणी फेकून दिलेली नव्हती. एवढं आधी कोणी सांगितलं असतं, तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

मंडळ डोंगरीला. कोर्टासारखा उंच कठडा असेल, असं वाटलं होतं. पण एका टेबलामागे मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसले होते, त्यांतली एक बाई. मुलगा समोर खाली मान घालून उभा होता. मला वाटत होता त्यापेक्षा फारच बारीक.

पुढे एका संस्थेच्या कार्यकर्तीने विचारलं, ''त्याला भेटाल का?'' मी आधी नाहीच म्हटलं. आमच्या चाळीत समझोते मी पुष्कळ पाहिलेत. नवरा मारतो आणि चार माणसं बसून बायकोलाच नमतं घ्यायला लावतात. मला तसलं काही नको होतं. ती म्हणाली, ''माफ करा असं कोणी म्हणणार नाही. तुम्ही मध्येच उठून गेलात तरी चालेल. आधी मला सांगा, तुम्हाला काय हवंय?''

हा प्रश्न तोपर्यंत कोणीच विचारला नव्हता. मला उत्तरही देता आलं नाही. ती तीनदा घरी आली, चहा घेत नुसती ऐकत बसली. तिसऱ्या खेपेला माझ्या तोंडून निघालं, ''त्याने माझ्यावर किती दिवस पाळत ठेवली होती, ते मला कळायला हवं. आणि वहीचं काय केलं?''

भेटीला तो, त्याची आई, ती कार्यकर्ती आणि मी. मी तेच दोन प्रश्न विचारले. बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, ''पाळत नव्हती, काकी. क्लासची फी भरायला दिलेले पैसे मोबाइलवरच्या गेममध्ये घालवले होते. पिशवी दिसली, उचलली. वही नाल्यात टाकली. तिच्यात काय होतं, माहीत नव्हतं.'' मी सांगितलं काय होतं ते. एकेक नाव घेऊन सांगितलं. बोलता बोलता माझाच आवाज फुटला. त्याची आई पदराने डोळे पुसत होती. ती चार घरी भांडी घासते. सगळे पैसे तीच फेडते म्हणाली. मी नको म्हटलं. त्याने चुकवायला हवेत, तिने नव्हे.

ठरलं ते असं: शाळा सांभाळून, सुट्टीच्या दिवशी मामाच्या दुकानात काम करून तो महिन्याला ५०० रुपये देणार. आणि दर रविवारी संस्थेच्या खोलीत बसून माझी वही नव्याने लिहिणार. कार्यकर्तीने ते मंडळासमोर ठेवलं. समुपदेशन आणि समाजसेवा करण्याचा आदेश बाल न्याय कायद्याच्या कलम १८ खाली देता येतोच.

त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मी गिऱ्हाइकांना विचारून आकडे आणते, तो रकाने आखून लिहितो. गिऱ्हाइकांतले पोर्टर मामा स्वतःहून म्हणाले, माझे ३४० आहेत; मला २०० च आठवत होते. पहाटे कडी काढताना अजून एकदा रस्त्याकडे बघते, पण हात थरथरत नाही. ३,००० रुपये आलेत. वहीत ३३ नावं झाली. उरलेल्या सहांपैकी दोघं गावी गेलेत, गणपतीनंतर येतील. तोवर त्यांच्या नावापुढची जागा त्याने कोरी सोडली आहे.