शांत समुद्र हवा असेल तर जूनमध्ये आलिकान्तेला जाऊ नका

सकाळी बरोब्बर आठ वाजता खिडकीखाली फटाक्यांचा असा कडकडाट झाला की आत्या "काय पडलं गं?" म्हणत अंथरुणातून उठून बसली. काहीच पडलं नव्हतं. फटाक्यांच्या मागून बँड आला, बँडमागे रात्रभर न झोपलेली पोरं आली. याला तिथे 'देस्पेर्ता' म्हणतात. सण आहे आणि तुम्ही झोपून कसे राहता, म्हणून गल्लीगल्लीत जाऊन लोकांना उठवायचं. आम्ही उठायला झोपलो होतोच कुठे? समोरच्या चौकात मंडप घातला होता आणि त्यातलं गाणं-बजावणं पहाटे चारला थांबलं होतं.

चूक सर्वस्वी माझी. "मध्यवर्ती ठिकाणी, सगळं चालत जाण्यासारखं" असं वाचून मी लुसेरोस चौकाजवळ खोली घेतली. आलिकान्तेला, स्पेनच्या भूमध्य किनाऱ्यावर, आत्याला आठवडाभर निवांत समुद्र दाखवायचा, एवढाच बेत होता. वीस ते चोवीस जून तिथे 'ओगेरास दे सान खुआन' असतं हे मला माहीत होतं. पण जत्रेसारखं काहीतरी असेल, संध्याकाळी चक्कर मारून येऊ, अशी माझी समजूत. म्हणजे गणपतीत लालबागला खोली घ्यायची आणि वर म्हणायचं, जरा गजबज दिसतेय नाही?

झालंय असं की सान खुआनच्या, म्हणजे सेंट जॉनच्या रात्री होळी पेटवायची चाल तिकडे जुनीच. १९२८ साली होसे मारिया पी नावाच्या गृहस्थाने पुढाकार घेतला आणि वलेन्सियाच्या फायास, म्हणजे देखावे जाळायच्या सणासारखं हेही रीतसर सुरू झालं. आता शहरात मोठ्या माणसांच्या ऐंशीहून जास्त होळ्या, शिवाय पोरांच्या वेगळ्या. होळी म्हणजे लाकडं आणि गोवऱ्या नव्हेत. लाकूड, पुठ्ठा आणि थर्माकोलसारख्या हलक्या मालातून घडवलेले दोन-दोन, तीन-तीन मजली देखावे, रंगवलेले, गुळगुळीत, बहुतेक कुणाची ना कुणाची टिंगल करणारे. आमच्या चौकातल्या देखाव्यात सगळ्यात वर चाकाच्या बॅगेवर बसलेला, उन्हाने लालबुंद झालेला एक पर्यटक होता. आम्ही आमच्या दोन बॅगा त्याच्या पायाखालूनच गडगडत नेल्या होत्या. मंडपातल्या बायका हसल्या. तेव्हा वाटलं, किती प्रेमळ लोक!

दुपारी दोनला लुसेरोस चौकात 'मास्क्लेता' होते. अठरा तारखेपासून चोवीसपर्यंत, रोज. भर उन्हात फटाके कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण ते बघायचे नसतातच, ऐकायचे असतात. आधी सुटे आवाज, मग त्यांना लय, मग ती लय चढत जाते आणि शेवटच्या मिनिटात कानांचं काम संपून बरगड्यांचं सुरू होतं. शेजारचा म्हातारा खुणेने सांगत होता, तोंड उघडं ठेवा. आत्याने ठेवलं. मी ठेवलं नाही आणि रात्रीपर्यंत डाव्या कानात कुकरची शिट्टी वाजत होती. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, आज नको. आत्या म्हणाली, "तू पड जरा, मी जाऊन येते."

समुद्राचं सांगायचं तर पोस्टिगेत हा गावातलाच किनारा, मागे बेनाकान्तिल डोंगर आणि त्यावर सांता बार्बराचा किल्ला. वाळू मऊ आहे, पाणी शांत आहे, आणि सकाळी अकरानंतर छत्री रोवायला जागा नाही. तिथल्या आज्या त्याआधीच घडीच्या खुर्च्या पाण्याच्या कडेला लावून, पाय बुडवून गप्पा ठोकत बसलेल्या असतात. सावली विकतच घ्यावी लागते. दुपारी वाळूवर अनवाणी चालून दाखवलंत तर मी तुम्हाला मानेन. सूर्य मावळतो साडेनवाच्या सुमाराला, त्यामुळे आठला जेवायची सवय असलेल्या माणसाने खुर्चीत बसून वेटरला खुर्च्या मांडताना बघायचं. मधे एक दिवस ताबार्का बेटावर गेलो. सुंदर आहे, पण झाडं जवळजवळ नाहीतच.

आत्या शाकाहारी, त्यामुळे या सणाचा मानाचा पदार्थ, 'कोका', म्हणजे आत कांदा आणि टूना मासा भरलेली भुरभुरीत पोळी, माझ्या एकटीच्या वाट्याला आली. चांगली लागते, पण दुसऱ्या तुकड्याला घसा कोरडा पडतो. त्यावर 'ब्रेवास' खायची पद्धत आहे: जूनमधली पहिली अंजिरं, जांभळी-काळी, चांगली लांबोडी. आत्याचं अख्खं आयुष्य अंजिरांच्या सासवडला गेलंय. तिने एक अंजीर हातात घेतलं, देठाशी दाबलं, मधून फाडलं, आतला गर उजेडाला धरून बघितला आणि मग तोंडात टाकलं. फळवाली आणि मी, दोघी निकालाची वाट बघत उभ्या. "फळ मोठंय," आत्या म्हणाली, "पण गोडी नाही. हा यांचा खट्टा बहार." फळवालीने मला विचारलं, काय म्हणतात? मी म्हटलं, फार आवडलं. आम्ही किलोभर घेतली आणि मीठा बहार येईपर्यंत थांबायला नको म्हणून रात्रीपर्यंत संपवली.

चोवीसच्या रात्री सगळं जाळतात. बरोब्बर बाराला किल्ल्यावरून पांढऱ्या आतषबाजीचा एक प्रचंड माड आकाशात उभा राहतो आणि संपूर्ण गाव "आऽऽ" करतं. आधी नगरपालिकेच्या चौकातली मुख्य होळी. मग बाकीच्या, अग्निशमन दलाचे बंब जसजसे पोचतील तसतशा. हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या चौकात बंब आला पावणेतीनला. तोवर आत्या फुटपाथच्या कडेवर बसून, दर वीस मिनिटांनी, "हे एवढं करायला केवढ्याला पडलं असेल गं?" विचारत होती.

जवानांनी आधी आजूबाजूच्या इमारतींवर पाणी मारलं. मग मंडपातल्या मुली पुढे आल्या. भरजरी घागरे, डोक्यावर पांढरी जाळीदार ओढणी, वर्षभर या होळीसाठी वर्गणी गोळा केलेली पोरं मागे. एकीने वात पेटवली. फटाक्यांची माळ चौकाला वळसा घालून आली आणि पर्यटकाच्या बॅगेपाशी फुटली. मग जाळ. इतका अचानक आणि इतका उंच, की सगळा जमाव न बोलता चार पावलं मागे सरला. चेहरा भाजत होता. रंग वितळून खाली ओघळायला लागला, काळा धूर बाल्कन्यांवरून वर गेला. पर्यटकाचं पोट आधी आत गेलं, मग मान कलली. आणि तो कोसळला तेव्हा टाळ्यांच्या मधोमध ती वात लावणारी मुलगी हमसाहमशी रडत होती. काजळ गालांवर उतरलेलं. आत्याने पिशवीतून आपला रुमाल काढला, कोपऱ्यात 'सु' भरलेला, आणि तिच्या हातात दिला. मुलीने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दोघींना एकमेकींचा शब्द कळत नव्हता. आत्या मराठीत तिला सांगत होती, "होतं गं असं."

तेवढ्यात गर्दीने जवानांना डिवचायला सुरुवात केली. "आग्वा! आग्वा!" म्हणजे पाणी, पाणी. त्यांच्या नावाने चावट घोषणाही चालल्या होत्या, त्या मी आत्याला समजावल्या नाहीत. मला वाटलं, एखादा शिंतोडा उडेल. बंबाचा झोत थेट आमच्यावर आला. शाळकरी पोरं, आज्या, घागरेवाल्या मुली, सगळे त्यात घुसले. सत्तरीला टेकलेली माझी आत्या, जी सासवडला पावसाचा थेंब पडला की "सर्दी होईल" म्हणून दार लावून घेते, ती चष्मा मुठीत धरून, निथळत, हात वर करून ओरडत होती, "आग्वा!"

रुमाल परत आला नाही. माझ्या ओढणीला ठिणग्यांची तीन भोकं पडली. जाणार असाल तर सुतीच घाला, मी सिंथेटिक घातली होती.

सकाळी नवाला आम्ही बॅगा घेऊन निघालो तेव्हा चौक धुवून काढलेला होता, एका मोठ्या काळ्या डागावरून बस जात होती. शेवटच्या दोन रात्री तरी आत्याला झोप मिळावी म्हणून मी जास्तीचे पैसे भरून पोस्टिगेतच्या समोर, समुद्राकडे तोंड असलेली खोली घेतली होती. स्वागतकक्षातल्या मुलाने किल्ली देताना आनंदाने सांगितलं, तुमचं नशीब, बाल्कनीतून सगळं दिसेल. काय दिसेल? पंचवीसपासून एकोणतीसपर्यंत रोज मध्यरात्री किनाऱ्यावर आतषबाजीची स्पर्धा.

मी पैसे परत मिळतील का विचारत होते. आत्या तोवर वर जाऊन बाल्कनीत खुर्ची ओढून बसली होती.