संक्रांतीच्या सकाळी सात वाजता

आमच्या घरात ‘ठेकेदार’ हा शब्द कधी चांगल्या अर्थानं उच्चारला गेला नाही. बाबा पाटबंधारे खात्यात होते, सांगली जिल्ह्यात. दिवाळीच्या आठवड्यात मिठाईचे पुडे घेऊन आलेले ठेकेदार दारातूनच परत जायचे आणि आम्ही बहिणी पडद्याआडून त्या पुड्यांकडे बघत राहायचो. पुढे मला वॉशिंग्टनला सरकारी कामावर घेतलं तेव्हा बाबांनी गल्लीभर सांगितलं, पोरगी अमेरिकन सरकारात लागली. मी सरकारची नाही, ठेकेदाराची माणूस आहे, हे त्यांना समजवायला मला दोन फोन करावे लागले. समजल्यावर ते जरा वेळ गप्पच होते.

इथल्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या खात्यांत एका खोलीत शेजारी शेजारी बसून तेच काम करणारी दोन जातींची माणसं असतात, फेड म्हणजे सरकारी नोकर आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणजे ठेकेदाराची माणसं. गळ्यातल्या पीआयव्ही कार्डावर, म्हणजे सरकारी ओळखपत्रावर, कॉन्ट्रॅक्टरच्या नावामागे हिरवी पट्टी असते. सरकारी ईमेलमध्येही माझ्या नावापुढे कंसात कॉन्ट्रॅक्टर असं लिहून येतं, म्हणजे समोरच्याला चुकूनही गैरसमज व्हायला नको. मुख्य कंत्राट एका मोठ्या कंपनीचं, तिला सगळे ‘प्राइम’ म्हणतात. माझी कंपनी तिच्या हाताखालची ‘सब’. सरकारतर्फे आमच्यावर लक्ष ठेवणारा अधिकारी म्हणजे सीओआर. तो काम तपासतो, बिलावर सही करतो, पण कंत्राटातला स्वल्पविरामसुद्धा तो बदलू शकत नाही. तो अधिकार कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसरचा, आणि त्याला मी आजवर एकदाच बघितलंय, तेही लिफ्टमध्ये.

टाइमशीट रोजच्या रोज, पाव तासाच्या हिशेबात भरायची. बाबांच्या भाषेत मस्टर. फेडला भेटवस्तू द्यायची तर एका वेळी 20 डॉलर आणि एकाकडून वर्षाला 50 डॉलर ही मर्यादा. मी दर संक्रांतीला तिळाच्या वड्या नेते. आमचा सीओआर, साठीचा माणूस, दर वर्षी वडी हातात घेऊन गंभीर चेहऱ्यानं विचारतो, हिची बाजारभावानं किंमत किती? मी म्हणते, तीळ महागलेत, तरी वीसच्या आतच आहे. मग तो दोन घेतो.

तर गोष्ट 2018 च्या डिसेंबरातली.

माझ्याकडे एका पोर्टलचे सर्व्हर होते. देशभरातल्या लहान लहान गावांच्या नगरपालिका त्यावरून अनुदानाचे अर्ज भरतात, जुने कागद उतरवून घेतात. अशा साइटला सर्टिफिकेट लागतं. ब्राउझरला ‘मी खरोखर तीच सरकारी साइट आहे’ हे पटवून देणारं ओळखपत्रच म्हणा ना. त्यालाही मुदत असते. आमच्या सर्टिफिकेटची मुदत 15 जानेवारी 2019 ला दुपारी बारा वाजता संपत होती, ग्रीनिच वेळेनुसार. इथल्या घड्याळात सकाळचे सात.

नवं सर्टिफिकेट नोव्हेंबरातच आलं होतं. पैसे भरलेले, फाइल सर्व्हरवर ठेवलेली, तिची किल्लीही तिथंच. (तिला खरंच किल्ली म्हणतात, प्रायव्हेट की.) फक्त जुन्याच्या जागी नवं लावायचं आणि वेबसर्व्हर पुन्हा सुरू करायचा. दहा मिनिटांचं काम. पण सरकारी सर्व्हरला मनात आलं म्हणून हात लावता येत नाही. चेंज मंजूर करून घ्यायचा, ठरलेल्या वेळेतच, म्हणजे ‘विंडो’मध्येच करायचा. आमची विंडो गुरुवारी संध्याकाळी असायची. नाताळच्या आधी चेंज फ्रीज लागतो, तेव्हा काहीच बदलायचं नाही. मी 3 जानेवारीचा गुरुवार धरला होता. मुदतीच्या चांगले बारा दिवस आधी.

22 डिसेंबरला शनिवारी पहाटे सरकार बंद पडलं. मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून राष्ट्राध्यक्ष आणि संसद अडून बसली होती. पंधरापैकी नऊ खात्यांचा खर्च मंजूर झालेला नव्हता, आमचं खातं त्या नऊत. सोमवार-मंगळवार तशीही सुट्टी होती. बुधवारी फेड लोक चार तासांसाठी आत जाऊन आवराआवर करून आले. आम्हाला शुक्रवारीच निरोप होता: काम थांबवा, लॅपटॉप बंद ठेवा, ईमेल उघडूनसुद्धा बघू नका.

पहिल्या आठवड्यात मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. कपाटं आवरली. मुलीला स्मिथसोनियनची दोन संग्रहालयं दाखवली. मागच्या निधीतून ती नववर्षापर्यंत उघडी होती, 2 जानेवारीला तीही बंद झाली. 3 तारखेचा गुरुवार आला आणि गेला. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा फोनच्या कॅलेंडरमध्ये 15 तारखेकडे नीट बघितलं.

एव्हाना माझी साठवलेली रजा संपत आली होती. कंपनीनं कळवलं की त्यानंतर बिनपगारी. कंपनीला सरकार पैसे देणार नाही, तर कंपनी मला कुठून देणार? नवरा काउंटीच्या, म्हणजे स्थानिक सरकारच्या शाळेत शिकवतो, त्यामुळे आमची चूल चालू होती. आमच्या इमारतीतल्या कॅफेटेरियात काउंटरवर एक बाई असायची, मूळची एल साल्वादोरची. मला बघितलं की न सांगता चहात गरम दूध घालायची. तीही कॉन्ट्रॅक्टरच, पण तासावर पगार. जानेवारीत ती मला ग्लेनमाँटच्या मेट्रो स्टेशनवर भेटली. म्हणाली, दोन घरी साफसफाई धरलीय, तू कशी आहेस? मी म्हटलं, कंटाळलेय. बोलल्यावर माझं मलाच कसंसं झालं.

13 तारखेला रविवारी मोठा बर्फ पडला, दहाएक इंच. सोमवारी फेडरल कार्यालयं बर्फामुळे बंद राहतील असं जाहीर झालं. बंद असलेली कार्यालयं बंद! आम्ही घरात खूप हसलो. त्याच सोमवारी दुपारी मी न राहवून आमच्या प्रोग्रॅम मॅनेजरला त्याच्या घरच्या नंबरवर फोन केला.

म्हटलं, उद्या सकाळी सात वाजता साइट पडेल. लॅपटॉप माझ्या पलंगाखाली आहे. दहा मिनिटं दे. मला त्याचे पैसेही नकोत.

तो म्हणाला, “हात लावू नकोस. पैसे घेऊन केलंस तर वाईट. फुकट केलंस तर त्याहून वाईट.”

हे मला तोवर ऐकून माहीत होतं, अंगावर कधी आलं नव्हतं. अँटिडेफिशियन्सी कायदा म्हणून एक जुना कायदा आहे, मंजूर निधीबाहेर खर्च करू नका असं खात्यांना बजावणारा, आणि फुकटच्या सेवेचं त्यातलं कलम 1884 चं आहे. तेव्हा खाती पैसे संपले की लोकांकडून ‘स्वेच्छेनं’ काम करून घ्यायची, आणि मागाहून ती माणसं संसदेच्या दारात हिशेब घेऊन उभी राहायची. म्हणून कायदाच केला की जीव किंवा मालमत्ता धोक्यात असल्याखेरीज सरकारी अधिकाऱ्यानं कुणाची फुकट सेवा घ्यायची नाही. शंभरएक वर्षं याचा कुणाला फारसा जाच झाला नाही. निधी थोडे दिवस अडकला तरी खाती काम रेटून नेत. 1980 आणि 81 मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी कायद्याचा अर्थ काटेकोर लावला, आणि तेव्हापासून निधी अडला की कुलूप. गंमत म्हणजे शिक्षा सेवा देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. 5,000 डॉलर दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. म्हणजे मी उदारपणे दहा मिनिटं दिली असती तर गोत्यात आला असता आमचा सीओआर, तिळाच्या वड्यांची किंमत विचारणारा. शिवाय परवानगी नसताना सरकारी सर्व्हरमध्ये शिरल्याबद्दल मलाही कुणी सोडलं नसतं, ते वेगळंच.

अनुदानाचा अर्ज न उघडणं म्हणजे जीव किंवा मालमत्ता धोक्यात येणं नव्हे. एवढं मलाही कळत होतं.

रात्री मी पलंगाखालून बॅग ओढली. चेन उघडली. लॅपटॉप कितीतरी दिवसांत कुणी हात न लावल्यानं गार पडला होता. चेन लावली आणि बॅग परत आत सारली. नवरा झोपेतच म्हणाला, झोप आता.

संक्रांत 2019 साली 15 तारखेलाच होती. पहाटे साडेपाचला उठून गूळपोळ्या करायला घेतल्या. मी गूळपोळ्या वर्षातून एकदाच करते आणि त्या दर वर्षी फुटतात. सात वाजायला पाच मिनिटं असताना ओट्यावर स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि बाहेरच्या कुणालाही दिसते तशी साइट लावली. वर पिवळी पट्टी: निधीअभावी या साइटवरची माहिती अद्ययावत नाही. पत्त्याशेजारी छोटं कुलूप. एक पोळी लाटली. रिफ्रेश. कुलूप आहे. दुसरी तव्यावर टाकली. 6:58. रिफ्रेश. पोळीच्या कडेनं गूळ बाहेर आला, तव्यावर सांडला आणि करपायला लागला. मी उलथन्यानं तो खरवडत होते आणि डाव्या हातानं रिफ्रेश करत होते.

सातला साइट गेली. लाल त्रिकोण, ‘तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही’.

एरवी अशा वेळी खाली बारीक अक्षरांत ‘तरीही पुढे जा’ असं असतं आणि हट्टी माणूस आत जाऊ शकतो. आमच्या साइटवर तेही नव्हतं. 2015 च्या जूनमध्ये व्हाइट हाउसच्या अर्थसंकल्प कार्यालयानं सगळ्या फेडरल साइटना एचटीटीपीएस (म्हणजे सुरक्षित जोडणी) आणि एचएसटीएस सक्तीचं केलं. एचएसटीएस म्हणजे ब्राउझरला दिलेली ताकीद, की ओळखपत्रात खोट असेल तर कुणालाही आत सोडू नकोस, त्यानं कितीही विनवलं तरी. सुरक्षेच्या दृष्टीनं अगदी योग्य. आमच्याकडे ते मीच लावलं होतं आणि त्याबद्दल मला शाबासकीचा ईमेलही आला होता.

आमची साइट एकटीच नव्हती. त्या दिवसांत ऐंशीपेक्षा जास्त सरकारी सर्टिफिकेटं अशीच संपली, बातम्याही आल्या. आपल्यासारखे आणखी बरेच जण कुठल्या कुठल्या ओट्यापाशी उभे असतील, असं ते वाचताना वाटलं.

आईबाबांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडे संध्याकाळचे सहा वाजत होते. आईनं तिळगूळ घे, गोड बोल म्हटलं आणि माझा चेहरा बघून विचारलं, काय झालं गं? मी सांगितलं. सर्टिफिकेट तिला कळलं नाही. बाबांना मात्र लगेच कळलं.

“सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या संपात आमचंही असंच झालं होतं,” ते म्हणाले. राज्य कर्मचाऱ्यांचा 54 दिवसांचा तो संप. बाबा तेव्हा पोरसवदा, नव्यानं लागलेले. कालव्याचं एक दार उघडं राहिलं होतं आणि खालच्या बाजूच्या रानांत पाणी शिरायला लागलं होतं. बाबा आणि एक पाटकरी रात्री सायकलवरून गेले, दार खाली केलं आणि कुणाला न सांगता परत येऊन संपात बसले.

“किल्ली कुणाकडं होती तुझ्या त्या दाराची?”

“माझ्याकडेच.”

“मग?”

मी त्यांना 1884 चा कायदा सांगितला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतला. म्हणाले, “कायदा बरोबर आहे. फुकट राबवून घेतात नाहीतर.” मग जरा थांबून, “पण दार उघडंच की.” मी म्हटलं, बाबा, माझं दार बंद पडलंय. तर म्हणाले, तेच ते.

दुसऱ्याच दिवशी, 16 तारखेला, फेड लोकांना बंदच्या काळातला सगळा पगार नंतर मिळेल, यावेळी आणि यापुढेही, अशा कायद्यावर सही झाली. आठ लाख माणसांना त्यामुळे हायसं वाटलं असेल, आणि वाटायलाच हवं होतं. त्यांतले निम्म्याहून जास्त लोक पगाराविना रोज कामावर जात होते. कॉन्ट्रॅक्टरांसाठी त्यात ओळ नव्हती. कमी पगाराच्या कॉन्ट्रॅक्टर कामगारांसाठी वेगळं विधेयक आलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

25 जानेवारीला शुक्रवारी हवाई वाहतूक नियंत्रक कमी पडले, न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर विमानं खोळंबली, आणि त्याच रात्री सरकार उघडलं. पस्तीस दिवसांनी.

सोमवारी 28 तारखेला इमारतीत शिरले तर पासवर्डच्या मदतकक्षासमोर ही रांग. सगळ्यांचे पासवर्ड संपलेले. लॅपटॉप महिनाभराचे अपडेट घेत दीड तास गुरगुरत बसला. कॅफेटेरियात काउंटरवर दुसरी बाई होती. आधीची कुठे गेली ते तिला माहीत नव्हतं. पोर्टलच्या हेल्पडेस्कचा व्हॉइसमेल भरून गेला होता. त्यातले चार निरोप एकाच म्हाताऱ्या आवाजाचे, नेब्रास्कातल्या कुठल्याशा गावाचा कारकून. पहिल्यात तो चिडलेला होता, चौथ्यात विचारत होता की तुम्ही सगळे ठीक आहात ना.

मी तातडीच्या चेंजचा अर्ज भरला. सीओआर येऊन माझ्या टेबलाच्या कडेला टेकला. मी डबा पुढे केला, रथसप्तमी व्हायची होती, तिळगूळ अजून चालत होता. त्यानं वडी घेतली. किंमत विचारली नाही.

अर्जात ‘हा बदल आधी का झाला नाही’ असा एक रकाना असतो. मी लिहिलं: निधीअभावी कामकाज बंद. ते खोटं नव्हतं. त्यानं वाचलं आणि मंजुरी दिली. नऊ मिनिटांत साइट उभी राहिली, कुलूप दिसलं, टाइमशीटवर पाव तास लिहिला.

फ्रीज लागायच्या आधीचा शेवटचा गुरुवार 13 डिसेंबरचा होता. विंडो मोकळी होती, सर्टिफिकेट हातात होतं. त्या संध्याकाळी मुलीच्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता आणि मी म्हटलं होतं, जानेवारीत करू, काय घाई आहे. हे मी त्याला सांगितलं नाही. बाबांनाही नाही.